नाथाघरचे पाणी

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली, की पैठणची वाट दिंड्यांनी फुलून जाते. संत एकनाथांनी १५९९ साली याच तिथीस देह ठेविला. गुरू जनार्दनस्वामींच्या आज्ञेने नाथांनी गृहस्थाश्रम स्वीकारला आणि गिरिजाबाईंसह प्रपंचातच परमार्थ साधला.

त्यांच्या घरी प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. नाथांच्या वाड्यातील तो रांजण आजही उत्सवात भाविक भरतात.

या कथेचे मर्म आज विशेष जाणवते. छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून अर्ज देऊन रिक्त हस्ते परतणारा पदवीधर मुलगा स्वतःस घराचा भार समजू लागतो. ज्या घरकामात देवाला कमीपणा वाटला नाही, त्यात त्याला तरी का वाटावा? वडिलांचे औषध आणावे, धाकट्या भावंडांचा अभ्यास घ्यावा, पूजेचे पाणी भरावे. घरच्यांनीही रोज सायंकाळी ‘काय झाले?’ असे न विचारता प्रेमाने पान वाढावे. नोकरीचा प्रयत्न अखंड चालू ठेवावाच. पण उद्या पुन्हा उंबरठा ओलांडण्याचे बळ त्यास या समाधानातूनच मिळेल. नाथांच्या प्रपंचाची शिकवण हीच आहे.