बाभळीचा काटा आणि टायरातलं जेल

शेवगावच्या वाडीवस्तीवर गाडी नेली की बाभळीच्या काट्याशी गाठ ठरलेली. पांढरा, सुईसारखा काटा टायरात घुसतो, मुळाशी मोडतो आणि हवा रात्रभर हळूहळू जात राहते. सकाळी गाडी एका अंगाला बसलेली असते.

त्यावर उपाय म्हणून टायरात सीलंट भरतात. बोलताना त्याला जेलही म्हणतात. ग्लायकॉलसारख्या द्रवात बारीक तंतू आणि रबराचे कण मिसळलेले असतात. वॉल्व्हची पिन काढून ते आत सोडायचं, हवा भरायची आणि लगेच गाडी थोडी पळवायची, म्हणजे ते आतून सगळीकडे पसरतं. भोक पडलं की बाहेर निघणारी हवाच त्याला भोकाकडे ढकलते, तंतू अडकतात, गळती थांबते.

हे काम रस्त्याला टेकणाऱ्या भागापुरतंच. टायरची बाजू फाटली तर जेल वाहून जातं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या कॅराव्हॅनच्या टायरात ते तळाशी साचतं. निघाल्यावर सुरुवातीला चाक थरथरतं.

ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीला 2020 पासून स्टेपनीची सक्ती नाही. तरी रात्री पैठणच्या रस्त्याला लेकराबाळांसह निघणार असाल, तर स्टेपनी घरी ठेवू नका. आणि टायर उघडण्याआधी पंक्चरवाल्याला सांगा, आत जेल आहे; नाहीतर त्याचे हात आणि तुमची रिम दोन्ही चिकट होतात.