विमानात सीट रिकामी, तरी तुम्ही गेटवरच! 'स्टँडबाय' तिकिटाचं गणित नेमकं काय असतं?

समजा, मालवणातली एक आई टोरंटोला निघालीय. लेकीचं बाळंतपण पुढच्या आठवड्यावर आलंय. मुलगा मुंबईत एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफमध्ये आहे, त्यामुळे तिकीट जवळपास फुकटात पडलं. डिंकाचे लाडू, हाळीव, कुळथाची पिठी असं सगळं बॅगेत भरून ती कुडाळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला आली. दुसऱ्या दिवशी रात्री विमानतळावर पोचली. आणि पहाटे मुलाने येऊन सांगितलं, "आये, आज नाय गावली सीट. उद्या परत बघूया."

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही तेच. दिवसा डोंबिवलीला नातेवाइकांकडे झोपायचं आणि रात्री परत बॅगा घेऊन विमानतळ गाठायचा.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण ज्यांच्या घरात कुणी विमान कंपनीत कामाला आहे, त्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही. तिच्याकडे तिकीट होतं, व्हिसा होता, विमानही वेळेवर सुटलं. एवढंच काय, त्यात थोड्या सीट रिकाम्याही गेल्या. मग तिला घेतलं का नाही? याचं उत्तर 'स्टँडबाय' या एका शब्दात आहे.

स्टँडबाय म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर विमानाची वेटिंग लिस्ट. पण रेल्वेच्या वेटिंग लिस्टपेक्षा जास्त बेभरवशाची.

कोकण रेल्वेचं तिकीट काढणाऱ्याला वेटिंग काय असतं हे सांगायला नको. पण तिथे तुमचा नंबर तुम्हाला दिसतो. तो १२ वरून ७ वर आला, हे कळतं. आरएसी झालं तर निदान टेकायला जागा मिळते. आणि चार्ट लागला की विषय संपतो, पुढचं काय ते ठरवायला थोडा तरी वेळ हातात असतो.

स्टँडबायमध्ये यातलं फारसं काही नाही. तुमचा नंबर पक्का नसतो. तुमच्यापेक्षा जास्त प्राधान्य असलेला माणूस शेवटच्या तासात आला, तरी तो तुमच्या वर जातो. निकाल लागतो तो चेक-इन बंद झाल्यावर, कधीकधी तर थेट गेटवर, विमानाचा दरवाजा बंद व्हायला काही मिनिटं उरलेली असताना.

स्टँडबायचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला, विमान कंपन्यांचे कर्मचारी आणि त्यांचे आईवडील, नवरा-बायको, मुलं यांना मिळणारी सवलतीची तिकिटं. दुसरा, अमेरिकेत जास्त चालणारा प्रकार: तुमचं संध्याकाळचं तिकीट कन्फर्म आहे, पण त्याच दिवशीच्या दुपारच्या विमानात जागा झाली तर तुम्ही त्यासाठी नाव लावता. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो तुम्ही मागितलेलाच नसतो. तिकीट कन्फर्म आहे, पण कंपनीने सीटपेक्षा जास्त तिकिटं विकलीत आणि काउंटरवर तुम्हाला थांबायला सांगितलं जातं.

तिकीट इतकं स्वस्त कसं?

विमान सुटलं की त्यातल्या रिकाम्या सीटची किंमत शून्य होते. मासळी बाजारात संध्याकाळपर्यंत न खपलेल्या बांगड्याचं जे होतं, तेच. म्हणून कंपन्या अशा जागा आपल्या कर्मचाऱ्यांना देतात. या व्यवसायात 'आयडी ९०' असा शब्द आहे, म्हणजे भाड्यात ९० टक्के सवलत. दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जायचं असेल तर 'झेड' नावाची व्यवस्था आहे. त्यात अनेक कंपन्यांनी एकमेकांच्या कर्मचाऱ्यांसाठी अंतरानुसार कमी भाडं ठरवलेलं असतं. विमानतळ शुल्क आणि कर मात्र सहसा भरावेच लागतात.

आता हे ९० टक्के कंपनी कशाच्या बदल्यात सोडते? तर तुमच्या हमीच्या बदल्यात. पूर्ण भाडं भरणारा माणूस सीट विकत घेतो. स्टँडबायवाला फक्त रांगेत उभं राहण्याचा हक्क घेतो. न गेल्याचा सगळा खर्च, म्हणजे हॉटेल, टॅक्सी, बुडालेली रजा, हे त्याच्या खिशातून जातं.

रांगेत तुमच्या पुढे कोण?

कंपनीगणिक नियम वेगळे असतात, पण ढोबळ क्रम असा: आधी पैसे भरून तिकीट काढलेले सगळे प्रवासी. मग आधीचं विमान रद्द झालं किंवा चुकलं म्हणून अडकलेले प्रवासी. ड्यूटीवर दुसऱ्या शहरात चाललेले पायलट आणि केबिन क्रू. त्यानंतर त्याच कंपनीचे कर्मचारी, त्यातही बहुतेक ठिकाणी नोकरीची वर्षं बघून. मग त्यांचे नातेवाईक. दुसऱ्या कंपनीचे कर्मचारी आणि त्यांच्या घरचे जवळपास शेवटी.

मालवणच्या आईचा मुलगा नोकरीत नवा असेल आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर ती यादीच्या तळाशी असणार. तिथे वय, गुडघेदुखी किंवा लेकीचं बाळंतपण, कशालाच गुण नाहीत.

सीट रिकामी होती, तरी का नाही घेतलं?

स्टँडबायवाल्यांचा सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीवर होतो. आदल्या रात्री मुलाने सिस्टीममध्ये बघितलं, २० सीट मोकळ्या. गेटवर गेल्यावर एकही नाही. किंवा विमान १० सीट रिकाम्या ठेवून गेलं, तरी हिला नकार.

याचं पहिलं कारण वजन. विमानात किती माणसं बसतात हे फक्त सीटवर ठरत नाही. लांबच्या प्रवासाला इंधन जास्त लागतं, समोरून वारा असेल तर आणखी. बाहेर उकाडा असेल तर हवा विरळ होते आणि विमानाला तेवढं वजन उचलता येत नाही. मग सामान किंवा माणसं कमी करावी लागतात आणि कात्री पहिल्यांदा स्टँडबायवर चालते. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. वळसा म्हणजे जास्त इंधन, आणि जास्त इंधन म्हणजे इतर वजनाला कमी जागा.

दुसरं कारण, उशिरा येणारे प्रवासी. जोडविमानाने येणारे १५ जण अजून हवेत असतात. ते पोचतील की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. नाही पोचले तर सीट रिकाम्या राहतात, पण तोवर गेट बंद करायची वेळ झालेली असते.

तिसरं कारण तुमची बॅग. त्यामागे एक भयंकर इतिहास आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटात पडलं आणि ३२९ जण मारले गेले. बॉम्ब असलेली बॅग कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये चेक-इन झाली होती. ती देणाऱ्या माणसाचं पुढचं एअर इंडियाचं तिकीट कन्फर्म नव्हतं, वेटिंगवर होतं. तरी त्याने हट्ट करून बॅग पुढे लावून घेतली आणि स्वतः विमानात चढलाच नाही. त्यानंतर प्रवासी आणि त्याची बॅग यांचा मेळ घालण्याचे नियम जगभर कडक झाले. म्हणून प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवतात. आणि दोन मोठ्या बॅगांचा स्टँडबाय प्रवासी शेवटच्या पाच मिनिटांत घेणं कठीण जातं, हँडबॅगवाला पटकन आत जातो.

एकदा हुकलं की पुढचं अवघड

आज राहिलेले लोक उद्याच्या यादीत येतात. त्यात एखादं विमान रद्द झालं तर बघायलाच नको. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा कन्फर्म तिकीटवालेही विमानतळावर बसून होते. अशा दिवसांत स्टँडबायची यादी हलण्याची आशाच सोडायची.

प्रवास दोन टप्प्यांचा असेल तर धोका आणखी वाढतो. मुंबईत अडकलात तर निदान डोंबिवली आहे. पण मधल्या देशात अडकलात आणि तिथला व्हिसा नसेल, तर विमानतळाबाहेर हॉटेलवर जाता येत नाही. मग खुर्चीवरच रात्र काढायची. बोलायचीही सोय नाही, कारण बऱ्याच कंपन्यांत स्टँडबायवर आलेल्या नातेवाइकाने काउंटरवर वाद घातला तर कर्मचाऱ्याचीच सवलत काढून घेतात. मुलाची नोकरी आठवून आई गप्प बसते.

चवथीक घराक येणाऱ्यांचं काय?

उलट दिशेचा प्रवास बघा. परदेशातला मालवणकर गणपतीला यायला निघालाय. चतुर्थीची तारीख हलत नाही, पण तो स्टँडबायवर आहे.

मुंबईत कधी उतरणार हे माहीत नसेल तर पुढची गाडी कशी काढायची? रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडल्या उघडल्या भरतं. मालवणला स्वतःचं स्टेशन नाही. कुडाळला उतरून पुढे साधारण ३० किलोमीटर जावं लागतं. त्यात पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात.

विमानाने थेट जिल्ह्यात उतरायचं, तर चिपी-परुळ्याचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. पण तिथे येतात ती सत्तरेक सीटची छोटी एटीआर विमानं. अलायन्स एअरची मुंबई सेवा ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. त्याच वर्षी फ्लाय ९१ ने चिपीला बेंगळुरू, हैदराबाद आणि पुण्याशी जोडलं. इतक्या छोट्या विमानात सणाच्या आठवड्यात जागा उरणं अवघड. गोव्यातला मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तिथे आंतरराष्ट्रीय विमानंही उतरतात, त्यामुळे दक्षिण सिंधुदुर्गाला तो सोयीचा. पण मुंबईला जितकी परदेशी विमानं येतात, तितकी मोप्याला येत नाहीत. आजचं हुकलं तर पुढचं विमान कदाचित दोन-तीन दिवसांनी.

कन्फर्म तिकीट असून थांबायला सांगितलं तर?

हे वेगळं प्रकरण आहे आणि इथे तुमचे हक्क आहेत. काही प्रवासी येतच नाहीत, या हिशोबाने कंपन्या जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की कुणाला तरी खाली ठेवावं लागतं. १९७२ मध्ये अमेरिकेत ग्राहक हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनाच असं विमानात घेतलं नाही. त्यांनी खटला भरला, तो १९७६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पुढे 'आधी स्वखुशीने थांबणारे शोधा, त्यांना मोबदला द्या' ही पद्धत नियमात आली. तरी एप्रिल २०१७ मध्ये शिकागोत डॉ. डेव्हिड डाओ यांना कर्मचाऱ्यांसाठी सीट हवी म्हणून विमानातून फरफटत काढलं गेलं आणि तो व्हिडिओ जगभर फिरला.

भारतात डीजीसीएचा नियम असा आहे:

- आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे.
- मूळ वेळेपासून १ तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही.
- २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये.
- त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.
- दुसरं विमान नकोच असेल तर पूर्ण परतावा आणि वर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.

यासाठी तिकीट कन्फर्म हवं आणि तुम्ही वेळेत पोचलेलं हवं. युरोपातून लांबच्या प्रवासाला निघताना असं झालं तर भरपाई ६०० युरोपर्यंत जाते. कर्मचारी सवलतीच्या स्टँडबाय तिकिटाला हे लागू नाही. म्हणून काउंटरवर 'स्टँडबाय' शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारा: माझं तिकीट कन्फर्म आहे की नाही? नाकारलं असेल तर तसं लेखी मागा.

मग स्टँडबायवर जायचं की नाही?

फिरायला जायचं असेल आणि दोन-चार दिवस इकडेतिकडे चालत असेल, तर खुशाल जा. थेट विमान निवडा, सुट्ट्यांचे दिवस आणि वीकेंड टाळा. मोठी बॅग टाळता आली तर टाळा. तीन-चार दिवसांची औषधं जवळच्या पिशवीत ठेवा. आणि शेवटी पूर्ण भाड्याचं तिकीट काढावं लागलं तर तेवढे पैसे बाजूला असू द्या.

पण लग्न, परीक्षा, ऑपरेशन, चतुर्थी, बाळंतपण अशी न हलणारी तारीख असेल, तर निदान त्या दिशेचं तिकीट कन्फर्म काढा आणि परतीला स्टँडबाय ठेवा. मालवणच्या आईच्या बाबतीतही हाच हिशोब होता. परत येताना तिला घाई नव्हती, दोन दिवस उशीर झाला असता तर नातवाजवळ दोन दिवस जास्त मिळाले असते. घाई होती ती जाताना.