नानांची सही

सही जुळत नाही म्हणून नानांचा चेक तिसऱ्यांदा परत आला, त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो. जालन्याच्या शाळेत ज्यांनी सारा जन्म फळ्यावर वळणदार अक्षर काढले, त्यांचे अक्षर मुंगीएवढे कसे होते? हट्टच, दुसरे काय!

डॉक्टरांनी सांगितले तेव्हा उमगले, की अक्षर बारीक होत जाणे हीही कंपवाताची एक खूण. हात थरथरलाच पाहिजे असे नाही. मेंदूतल्या काही पेशी झिजतात, डोपामीन आटते आणि हालचाल मंदावते. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या रोगावर निबंध लिहिला. म्हणून रोगाला त्याचे नाव. नानांच्या गोळीतले लेव्होडोपा आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतही असते! (म्हणून कुणी बिया कुटून देऊ नयेत.) गोळी दुधाबरोबर घेतली तर गुण उणावतो, हे आम्हांला फार उशिरा कळले, आई मायेने रोज पेलाभर दूध पुढे करी.

उंबऱ्याशी नानांचे पाय खिळतात. तिथे माझ्या पत्नीने खडूने आडव्या रेघा ओढल्या. त्या ओलांडीत ते चालतात. परवा मी रेघा काढल्या. नाना थबकले.

“तिरपी आहे. पूस, पुन्हा काढ.”