अठरा महिन्यांची न संपणारी सेवा

लाल समुद्राकाठचा इरिट्रिया ३० वर्षं लढून १९९३ मध्ये इथिओपियापासून स्वतंत्र झाला. तेव्हापासून इसायास अफवर्की हेच राष्ट्राध्यक्ष आहेत. १९९७ ची राज्यघटना मंजूर होऊनही अमलात आली नाही.

तिथल्या दडपशाहीचा कणा म्हणजे सक्तीची राष्ट्रसेवा. १९९५ च्या कायद्यात तिची मुदत १८ महिने आहे. १९९८ मध्ये इथिओपियाशी सीमायुद्ध पेटलं आणि त्या मुदतीला अर्थच उरला नाही. बारावीचं वर्ष मुलामुलींना सावा इथल्या लष्करी छावणीत काढावं लागतं. पुढे कुणाची पलटणीत रवानगी होते, कुणाची शिक्षक म्हणून, कुणाची बांधकामावर. पगार तुटपुंजा, आणि सुटका कधी ते सरकार ठरवणार. ऐन उमेदीची वर्षं अशी हिरावून घेणं ही गुलामीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानेही २०१६ मध्ये तोच शब्द वापरला आणि हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला.

दाद मागायची तरी कुठे? सप्टेंबर २००१ मध्ये सुधारणांची मागणी करणारे ११ ज्येष्ठ नेते पकडले गेले, खासगी वर्तमानपत्रं बंद झाली. तेव्हा अटक झालेले पत्रकार दावित इसाक यांच्यावर कधी खटलाच चालला नाही.

देश सोडायलाही सरकारी परवाना लागतो. सेवेतल्या तरुणांना तो सहसा मिळत नाही. म्हणून हजारो जण चोरवाटांनी सुदान, इथिओपिया गाठतात. परदेशी स्थिरावलेल्यांकडून सरकार उत्पन्नाच्या २ टक्के कर मागतं. तो थकला, तर वकिलातीत साधी कागदपत्रंही अडतात.