मेला की वाचला?

२५ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री अमेरिकेतील असंख्य घरांत एकच वाद सुरू झाला. 'द वॉकिंग डेड' या दूरचित्रवाणी मालिकेतला ग्लेन नावाचा तरुण मेला की वाचला? हा वाद पुढे चार आठवडे चालला. कुणी दृश्य थांबवून थांबवून पाहिले, कुणी जुने भाग उकरून काढले, कुणी कलावंतांच्या नामावलीवर बोट ठेवले. विद्यार्थी मित्रहो, एका काल्पनिक माणसाच्या मरणाची ही चर्चा विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. परंतु या वादात लोकांनी जे पुरावे मांडले ते एकेक करून पाहिले, की प्रयोगशाळेत रोज पडणारा एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो: अमुक पुरावा मिळाला हे खरे, पण त्याने काही ठरते का?

प्रथम मालिकेची थोडी ओळख करून घेऊ. रॉबर्ट कर्कमन यांनी लिहिलेल्या चित्रकथेवर आधारलेली ही मालिका ३१ ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये संपली. एकूण ११ पर्वे, १७७ भाग. कोणत्या तरी अज्ञात रोगाने मेलेली माणसे पुन्हा उठून चालू लागतात, जिवंतांचे लचके तोडतात, आणि त्यातून उरलेली मूठभर माणसे जगण्याची धडपड करतात, असे कथानक. अशा चालत्या प्रेतांना आपण 'झोंबी' म्हणतो. गंमत अशी, की मालिकेतील पात्रे हा शब्द वापरतच नाहीत. त्यांच्या जगात झोंबींचे चित्रपट निघालेलेच नाहीत, अशी लेखकाची कल्पना!

ग्लेनकडे वळण्याआधी एक जुना आणि सोपा वाद पाहू.

पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात (५ डिसेंबर २०१०) अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रातला एक शास्त्रज्ञ नायक रिक याच्या कानात काहीतरी कुजबुजतो. काय, ते प्रेक्षकांना ऐकू येत नाही. त्याआधी त्याने सर्वांचे रक्त तपासलेले असते. झाले, तर्क सुरू झाले. एक पक्ष म्हणाला, रिकच्या बायकोला, लोरीला, दिवस गेले आहेत, तेच त्याने सांगितले. दुसरा पक्ष म्हणाला, जिवंत दिसणाऱ्या सर्वांनाच लागण झालेली आहे, हे सांगितले. दोन्ही पक्षांचा मुख्य पुरावा एकच होता: रक्ततपासणी! आता विचार करा. रक्त तपासून गर्भधारणाही कळते आणि लागणही कळते. म्हणजे पहिला तर्क खरा असता तरी आपल्याला रक्ततपासणी दिसली असती, आणि दुसरा खरा असता तरीही दिसली असती. मग हा पुरावा कोणत्या बाजूचा? कोणत्याच नाही.

पुढल्या पर्वात दोन घटना घडल्या. नोव्हेंबर २०११ मधील एका भागात लोरी गरोदर असल्याचे रिकला समजले आणि त्याला धक्का बसला. कुजबुज त्याविषयी असती तर त्याला ते आधीच ठाऊक असते. पहिला तर्क इथे कोसळला, आणि तोही कसा पाहा: लोरी गरोदर होती हे खरेच निघाले, फक्त कुजबुजीचे कारण ते नव्हते. विधान खरे असूनही स्पष्टीकरण चुकीचे असू शकते, हे ध्यानात ठेवा.

दुसरी घटना अधिक मौजेची. चावल्यावाचून कोणी झोंबी होत नाही, असा तोवर सर्वांचा समज होता. मग दोन झोंबी असे आढळले की ज्यांच्या अंगावर चाव्याची खूणच नव्हती. पात्रांनी तोड काढली, की ओरखडा लागला असेल. नियम वाचवण्यासाठी त्याला असे ठिगळ लावण्याची सवय शास्त्रज्ञांनाही असते आणि ती नेहमीच वाईट असते असे नाही. परंतु मार्च २०१२ च्या एका भागात, मान मोडून मारलेला एक कैदी अंगावर चावा नसताना उठून चालू लागला. आता ठिगळ पुरेना. आठवड्याने, १८ मार्चला, रिकने सांगून टाकले की लागण सर्वांनाच झालेली आहे, मेलेला प्रत्येक जण उठणार. सव्वा वर्षाचा वाद मिटला. रक्ततपासणीने जे झाले नाही ते मोडक्या मानेच्या एका प्रेताने केले, कारण जुना समज खरा असता तर ते प्रेत उठायलाच नको होते.

'लागण नेमकी कशातून होते?' हा प्रश्न मालिकेत करमणुकीचा होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न आपल्या मुंबईत जिवावरचा झाला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढील काही दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. रोग पसरतो कसा? घाणीतून, हवेतून, रोग्याच्या स्पर्शातून, असे नाना तर्क होते. घरे जंतुनाशकाने धुतली जात होती, लोकांना घराबाहेर काढले जात होते. उंदीर मरून पडले की पाठोपाठ माणसे पडतात, हे सर्वांनाच दिसत होते. पण हा पुरावा आपल्या रक्ततपासणीसारखाच. घाण हे कारण असले तरी उंदीर आधी मरतील, स्पर्श हे कारण असले तरी मरतील.

पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने निराळ्या गोष्टीकडे पाहिले. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणे घातक ठरत होते, पण मरून बराच वेळ झालेल्या थंडगार उंदराला हात लावून बहुधा काही होत नव्हते. स्पर्शाने लागण होत असती तर असा फरक का पडावा? उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा त्याला सोडून जातात. सिमोंना संशय आला तो पिसवांचा. १८९८ साली कराचीत त्यांनी एका मोठ्या काचपात्रात प्लेगने आजारी असलेला उंदीर ठेवला, पात्रात पिसवा सोडल्या आणि वर एका जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर टांगला. दोन उंदरांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. काही दिवसांनी वरचा उंदीर प्लेगने मेला. उलट, पिसवा नसताना आजारी उंदराच्या संगतीत ठेवलेले निरोगी उंदीर निरोगीच राहिले. प्रयोगाची खुबी इथेच आहे. स्पर्श की पिसू, या दोन तर्कांनुसार निकाल वेगवेगळे यायला हवे होते, आणि ते कसे येतात तेच त्यांनी पाहिले.

तरीही पुष्कळांना ते पटले नाही. १९०५ साली नेमलेल्या आयोगाने मुंबईत परळ येथे असेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले. पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी वाचले, खालचे मेले. हवा तर वर आणि खाली एकच होती! त्यानंतर मात्र पिसवांचा तर्क सर्वमान्य झाला.

आता ग्लेन. त्या रात्रीच्या भागात तो आणि निकोलस नावाचा त्याचा साथीदार एका लोखंडी कचराकुंडीवर चढलेले असतात आणि सभोवती झोंबींचा समुद्र. निकोलस धीर सोडून स्वतःला गोळी घालतो. दोघेही खाली कोसळतात, निकोलसचे शरीर ग्लेनच्या अंगावर पडते. आतडी ओढली जाताना दिसतात, ग्लेन किंचाळताना दिसतो, आणि दृश्य संपते.

'मेला' म्हणणाऱ्यांचा मोठा पुरावा पुढच्या भागांतून आला. सुरुवातीच्या नामावलीतून ग्लेनचे काम करणाऱ्या स्टीव्हन यून यांचे नाव गाळलेले होते. वरवर पाहता हे निर्णायक वाटते. थोडे गणित करू. ग्लेन मेला असेल, तर नाव गाळले जाण्याचा संभव १०० त ९५ धरा. ग्लेन जिवंत असेल आणि निर्माते ते लपवत असतील, तर? तरीही नाव गाळावेच लागणार, नाहीतर गुपित फुटेल. तो संभव १०० त ९० धरा. (हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही निराळे घेऊन पाहा.) आरंभी दोन्ही शक्यता ५०-५० मानल्या, तर नाव गाळलेले पाहिल्यानंतर 'मेला' ही शक्यता किती होते? ९५ ला ९५ आणि ९० यांच्या बेरजेने भागा. उत्तर येते ५१ टक्क्यांच्या जरासे वर. एवढा गाजलेला पुरावा, आणि पारडे हलले ते एका टक्क्याने! ही रीत अठराव्या शतकातील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते. त्याचा यासंबंधीचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, प्रसिद्ध झाला.

'वाचला' म्हणणाऱ्यांनी दृश्याकडेच बोट दाखवले. आतडी निघताना दिसतात ती ग्लेनच्या छातीच्या पातळीवरून. पोट काही तिथे नसते. वर पडलेल्या निकोलसचे पोट मात्र तिथे असू शकते. शिवाय ग्लेनच्या अंगावरची एकही जखम कॅमेऱ्याने दाखवली नाही. ही मालिका प्रमुख पात्रांचे मरण दाखवताना कधी संकोच करीत नसे, तेव्हा ग्लेन खरोखर मेला असता तर त्याची जखम न दाखवण्याचा संभव १०० त २० धरू. जिवंत असेल तर जखम दिसणारच नाही, म्हणजे १०० त १००. मघाचे उत्तर घेऊन तशीच आकडेमोड केली, की 'वाचला' ही शक्यता ८३ टक्क्यांच्या आसपास जाते. पुरावा साधा, कुणालाही दिसणारा, पण वजनदार.

आणखी एक पुरावा मला फार आवडतो. मालिकेच्या मागोमाग तिच्याविषयी चर्चेचा एक कार्यक्रम होत असे आणि त्यात त्या भागात मेलेल्यांना निरोप दिला जाई. त्या रात्री निरोपाच्या यादीत ग्लेन नव्हता. मेला असता तर त्याला वगळण्याचे कारण काय? उलट, निर्मात्यांनी त्याच वेळी कळवले होते, की ग्लेन कोणत्या ना कोणत्या रूपात पुन्हा दिसेल. जिवंत असेल तर दिसेलच, आणि मेला असेल तर आठवणींच्या प्रसंगांतून दिसेल. या निवेदनाचे वजन शून्याजवळ!

'मेला' पक्षाचा एक आक्षेप मात्र खरोखर कठीण होता. आतडी निकोलसची असोत, पण शेकडो झोंबींच्या मधून ग्लेन सुटणार कसा? याला उत्तर मिळाले ते मालिकेच्याच जगातील एका नियमातून. ७ नोव्हेंबर २०१० च्या भागात रिक आणि हाच ग्लेन यांनी प्रेतांचे रक्तमांस अंगाला फासले होते, आणि वास झाकला गेल्यामुळे ते झोंबींमधून चालत गेले होते. आता निकोलसचे रक्तमांस ग्लेनच्या अंगावर होतेच. आणि कचराकुंडीखाली माणूस आडवा सरकेल एवढी फट होती. चाहत्यांनी ती फट हेरली होती.

२२ नोव्हेंबर २०१५ रोजी उलगडा झाला. ग्लेन त्याच फटीत सरकून वाचला होता. नामावलीत त्याचे नावही परत आले. अंदाज बरोबर ठरलेल्यांतही पुष्कळ जण चिडले, आपल्याशी खेळ केला म्हणून, आणि मला त्यांचा राग रास्त वाटतो. प्लेगचा जंतू लपत नव्हता, फसवण्यासाठी खोट्या खुणा ठेवत नव्हता. कथेचा लेखक मात्र तुम्ही काय पाहणार हे आधी ओळखून पुरावे मांडत असतो. म्हणून नामावलीसारखा पुरावा, जो लेखकाला सहज बदलता येतो, तो इथे अधिकच हलका.

यानंतर निर्माते शहाणे झाले म्हणा किंवा अधिक खोडकर. ३ एप्रिल २०१६ च्या भागात खलनायक निगन अकरा जणांना ओळीने गुडघ्यांवर बसवतो आणि एकाच्या डोक्यावर काटेरी तारा गुंडाळलेली बॅट हाणतो. दृश्य आहे बळीच्याच डोळ्यांतून, त्यामुळे कोण ते कळत नाही. पुढील भागाला साडेसहा महिने अवकाश होता. बातमी फुटू नये म्हणून एकापेक्षा अधिक पात्रांच्या मरणाची दृश्ये चित्रित करून ठेवलेली होती.

तरीही चाहत्यांनी एक धागा पकडला. फटका मारण्याआधी निगन दमदाटी करतो, की कुणी हलले तर मुलाचा उरलेला डोळा काढून बापाला भरवा. मुलगा म्हणजे रिकचा कार्ल, बाप म्हणजे रिक. बळी या दोघांपैकी असता तर या धमकीला अर्थ राहिला नसता. अकरांतून दोन गेले, उरले नऊ. चित्रकथेच्या जुलै २०१२ मधील शंभराव्या अंकात निगनच्या हातून मेला होता तो ग्लेन, म्हणून कित्येकांनी त्याचे नाव घेतले. इतरांनी अब्राहम या दांडग्या सैनिकाचे नाव घेतले. दोन्ही बाजूंनी महिनोन् महिने पुरावे तोलले गेले.

२३ ऑक्टोबर २०१६ रोजी सुमारे १ कोटी ७० लाख लोकांनी उत्तर पाहिले. बॅट अब्राहमवर पडली होती. पण निगन तेवढ्यावर थांबला नाही, त्याने ग्लेनलाही मारले. बळी एकच असणार, असे गृहीत धरूनच बहुतेकांनी सारा हिशेब मांडला होता.