एक्सेलचे शेड्युल ऑटोकॅडच्या ड्रॉईंगला जोडताना

आर्किटेक्टच्या ऑफिसात दारे-खिडक्यांचे शेड्युल दोन जागी असते. एक्सेलमध्ये असते, कारण क्षेत्रफळ, बेरीज आणि एस्टिमेट तिथे निघते. ऑटोकॅडच्या ड्रॉईंगवर असते, कारण साईटवर सुतार आणि फॅब्रिकेटर प्रिंटच बघतात. मालकाने टॉयलेटचे दार ७५० ऐवजी ८०० मिमी करायला सांगितले, की बदल दोन्हीकडे करावा लागतो. एकीकडे केला आणि दुसरीकडे राहिला, तर चौकट जुन्या मापाची येते. ती भिंतीत बसल्यावर चूक कळली तर तोडफोड, पुन्हा गिलावा आणि वाद हे ओघाने आलेच. ड्राफ्ट्समनला रागावून हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येक आकड्याचे घर एकच असावे आणि बाकी सगळीकडे तो तिथूनच यावा, अशी सोय करावी लागते.

बहुतेक ऑफिसांत पहिला उपाय म्हणून एक्सेलमधला तक्ता कॉपी करून ड्रॉईंगमध्ये साधा पेस्ट करतात. दिसायला तक्ता येतो, पण तो ओएलई ऑब्जेक्ट असतो. ऑटोकॅडच्या टेक्स्ट स्टाईलशी त्याचा संबंध नसतो, प्रिंटमध्ये तो कधी पुसट येतो, मूळ फाईल बदलली तरी तो बदलत नाही. शिवाय एक धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अशा पेस्टबरोबर पूर्ण वर्कबुक ड्रॉईंगमध्ये जाऊन बसते. काँट्रॅक्टरला डीडब्ल्यूजी पाठवली आणि त्याने तक्त्यावर डबल क्लिक केले, तर शेजारच्या शीटवरचे तुमचे दरही त्याच्यासमोर उघडतात.

खरी सोय डेटा लिंकची आहे आणि ती ऑटोकॅड २००८ या आवृत्तीपासून मिळते. मात्र तिची तयारी एक्सेलमध्ये सुरू होते. शेड्युलचा जेवढा भाग ड्रॉईंगवर हवा तेवढाच सिलेक्ट करा, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये त्याला नाव द्या आणि एंटर दाबा. दरांचे कॉलम या भागाच्या बाहेर ठेवा. नाव देण्याचा खटाटोप अशासाठी, की लिंक करताना ऑटोकॅड तीन पर्याय देते: पूर्ण शीट, नाव दिलेली रेंज किंवा ए१ ते एफ१२ असा पत्ता. पत्ता दिला तर उद्या वाढलेली ओळ त्याच्या बाहेर पडते. नाव दिलेल्या रेंजच्या मध्ये कुठेही ओळ घातली तर रेंज आपोआप वाढते. फक्त ओळ शेवटच्या ओळीखाली न लिहिता मध्येच इन्सर्ट करायची, एवढे ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवावे.

आता ड्रॉईंगकडे या. ड्रॉईंग आधी सेव्ह करा, मग टेबल कमांड द्या आणि 'फ्रॉम अ डेटा लिंक' निवडा. डेटा लिंक मॅनेजर उघडतो. तिथे नवी लिंक तयार करून तिला नाव द्या, एक्सेल फाईल दाखवा आणि आपली रेंज निवडा. पाथ कसा साठवायचा हा प्रश्न तिथेच येतो. रिलेटिव्ह घ्यावा असे माझे ठाम मत आहे. फुल पाथ घेतला आणि प्रोजेक्टचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला, की लिंक तुटते. एक्सेलचे फॉरमॅटिंग घ्यायचे की ऑटोकॅडची टेबल स्टाईल वापरायची, हेही तिथेच ठरते. सगळ्या शीटवर एकच अक्षर हवे असेल तर एक्सेलचे फॉरमॅटिंग बंद ठेवा.

तक्ता बसला की लिंक असलेल्या भागाच्या कोपऱ्यांवर हिरवे कंस दिसतात, आणि सेलवर कर्सर नेला की कुलूप आणि साखळीचे चिन्ह येते. कुलूप मुद्दाम आहे. घाईत कुणी ड्रॉईंगवरच आकडा बदलू नये म्हणून ते लावलेले असते. ते काढून ड्रॉईंगवरचा बदल उलट एक्सेलमध्ये पाठवण्याची सोयही आहे, पण एकाहून जास्त माणसे काम करत असतील तिथे ती वापरू नये. दोन्हीकडून लिहिता आले, की बरोबर आकडा कोणता हे पुन्हा कुणाला सांगता येत नाही.

बदल कसा पोचतो, ते नीट समजून घ्यायला हवे. एक्सेलमध्ये आकडा बदलून फाईल सेव्ह केल्याशिवाय ऑटोकॅडला काहीच कळत नाही. सेव्ह केल्यावर स्टेटस बारवरच्या साखळीजवळ सूचनेचा फुगा येतो. त्यावर क्लिक केले, किंवा डेटालिंकअपडेट कमांड दिली, की तक्ता बदलतो. तो आपण होऊन बदलत नाही. फाईल सापडली नाही तरी तक्ता रिकामा पडत नाही, शेवटचे आकडे तसेच दाखवत राहतो, आणि प्रिंटवर तो अगदी ताजा वाटतो. म्हणून प्रिंट काढण्याआधी लिंक अपडेट करण्याची सवय लावून घ्यावी.

मराठीत शेड्युल करणाऱ्यांची एक वेगळी अडचण असते. एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेल्या 'सागवानी चौकट'च्या जागी प्रश्नचिन्हे येतात. टेबलच्या टेक्स्ट स्टाईलला मंगलसारखा ट्रूटाईप फॉन्ट द्यावा आणि जोडाक्षरे एकदा प्रिंटवर तपासावीत. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणलेला बरा.

इथपर्यंत आकडे एक्सेलकडून ड्रॉईंगकडे आले. सळयांच्या बार बेंडिंग शेड्युलला हीच दिशा योग्य आहे, कारण व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र लावून १२ मिमी सळईचे वजन मीटरला ०.८८९ किलो काढण्याचे काम एक्सेलचेच. पण काही आकड्यांचे घर ड्रॉईंगमध्ये असते. खोलीचे क्षेत्रफळ पॉलिलाईनमध्ये असते, दारांची संख्या ब्लॉकमध्ये. ती एक्सेलमध्ये हाताने लिहिणे म्हणजे चूक उलट बाजूने आत घेणे.

क्षेत्रफळासाठी फील्ड वापरा. तक्त्याच्या सेलमध्ये फील्ड टाकून खोलीची पॉलिलाईन दाखवली की तिचे क्षेत्रफळ तिथे उमटते. ड्रॉईंग मिमीमध्ये असेल तर चौरस मीटरसाठी ०.०००००१ ने गुणायचे, ती सोय फील्डच्या फॉरमॅटमध्येच आहे. भिंत सरकवून पॉलिलाईन ताणली की रिजनला किंवा प्लॉट करताना आकडा बदलतो.

दारांसाठी डेटा एक्स्ट्रॅक्शन आहे, आणि मला या सगळ्यात तेच सर्वांत आवडते. प्रत्येक दाराच्या ब्लॉकला टॅगचे ॲट्रिब्यूट असावे: डी१, डी२, डी३. विझार्ड ड्रॉईंगमधले ब्लॉक मोजतो, सारख्या ओळी एकत्र करतो आणि टॅगसमोर संख्या लिहितो. मग 'लिंक एक्स्टर्नल डेटा' या बटणाने एक्सेलचे शेड्युल जोडता येते. ड्रॉईंगमधला टॅगचा कॉलम आणि एक्सेलमधला टॅगचा कॉलम एकमेकांशी जुळवला, की संख्या ड्रॉईंगमधून येते, माप आणि लाकूड एक्सेलमधून येते आणि दोन्ही एकाच तक्त्यात दिसतात. डी२चे एक दार पुसले तर संख्या ड्रॉईंगच कमी करते, दाराचे माप बदलले तर ते एक्सेल बदलते, आणि अपडेट दिले की दोन्ही बदल तक्त्यात येतात. टॅग मात्र तंतोतंत सारखा हवा. 'डी२' आणि मागे स्पेस असलेला 'डी२ ' हे संगणकाला दोन वेगळे टॅग वाटतात. एक्सेलमध्ये तो टॅग एकाच ओळीत असावा. जुळणी तपासण्याचे बटण विझार्डमध्येच दिलेले आहे, ते दाबल्याशिवाय पुढे जाऊ नये. विझार्डची सेटिंग्ज डीएक्सई फाईलमध्ये साठतात, ती ड्रॉईंगशेजारीच ठेवावी.

ड्रॉईंग साईटला बांधकामासाठी दिले, की लिंकचे वेगळे काय करायचे ते ठरवावे लागते. दिलेल्या प्रतीतला तक्ता पुढच्या महिन्यात बदलता कामा नये, कारण त्यावरून ऑर्डर गेलेली असते. ड्रॉईंगची प्रत काढून तिच्यातली डेटा लिंक डिटॅच करावी. आकडे राहतात, एक्सेलशी नाते संपते. ती प्रत पीडीएफसह रिव्हिजन नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवावी, आणि लिंक असलेली डीडब्ल्यूजी व तिची एक्सेल फाईल चालू कामाच्या फोल्डरमध्ये एकत्र राहू द्यावी.