बाळाच्या दुपट्यावर हत्ती, ससा आणि कासव

घरात बाळ येणार अशी चाहूल लागली की पूर्वी आजीची ट्रंक उघडली जात असे. वापरून मऊसूत झालेली सुती लुगडी, धोतरे, जुन्या चादरी बाहेर निघत आणि दुपारच्या निवांत वेळी घरातल्या बायका दुपटी शिवायला बसत. झबली, टोपडी आणि दुपटी यांच्याशिवाय बाळंतविडा पूर्ण होत नसे. आता तयार दुपटी बाजारात सहज मिळतात, तरीही हाताने शिवलेल्या दुपट्याची ओढ ओसरलेली नाही. त्यावर हत्ती, ससा, मासा असे प्राणी असावेत, अशी अनेकींची हौस असते. मात्र बाळ दुपट्याकडे पाहते त्याहून अधिक ते चोखते, ओढते आणि ओले करते. म्हणूनच पहिल्या रेखाटनापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय ही गोष्ट ध्यानात ठेवून घ्यावा लागतो.

कापडाचे आकार कापून ते दुसऱ्या कापडावर शिवण्याच्या कामाला ‘ॲप्लिक’ म्हणतात. ओडिशात पुरीजवळचे पिपिली हे गाव या कलेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चांदव्यांवर आणि छत्र्यांवर हत्ती, मोर, पोपट मोठ्या दिमाखाने मिरवतात. बिहारमध्ये जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवून नवजात बाळासाठी ‘सुजनी’ करण्याची परंपरा आहे. महाराष्ट्रातील गोधडीही याच धावदोऱ्यावर उभी आहे. प्राण्यांचे दुपटे करताना या दोन्ही पद्धती एकत्र येतात. वर ॲप्लिकचे चित्र असते आणि थर बांधून ठेवणारा धावदोरा गोधडीचा असतो.

आराखडा आणि मापे

नवशिक्या हातांसाठी तीन ओळींत तीन असे नऊ चौकोन सोयीचे पडतात. शिवल्यावर प्रत्येक चौकोन १० इंचांचा हवा असेल, तर शिलाईसाठी चारही बाजूंनी पाव इंच धरून तो साडेदहा इंचांचा कापावा. नऊ चौकोन जोडल्यावर मधला भाग ३० इंचांचा होतो. त्याभोवती तीन इंचांची किनार लावली की ३६ इंचांचे चौरस दुपटे तयार होते. पाच चौकोनांत प्राणी आणि चार चौकोन साधे ठेवले, तर काम आवाक्यात राहते आणि नजरेलाही विसावा मिळतो.

प्राणी निवडताना तो बाह्याकृतीवरून ओळखू येतो का, हे पाहावे. हत्तीची सोंड, सशाचे कान, कासवाचे कवच, माशाची शेपटी एवढ्या एकेका खुणेवर चित्र उभे राहते. हरणाची शिंगे किंवा बगळ्याचे पाय यांसारखे बारीक भाग कापडात दुमडणे अवघड असते. ते हवेच असतील तर दोऱ्याने भरावेत. दुपटे जमिनीवर अंथरले जाते आणि बाळ त्यावर कोणत्याही दिशेने असू शकते. सर्व प्राणी एकाच दिशेने उभे न करता चार बाजूंना चार दिशांनी लावले, तर कोठूनही पाहिले तरी एखादा प्राणी सरळ दिसतो.

रंगांचाही विचार बाळाच्या नजरेने करावा. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत बरे दिसते आणि फिकट छटांपेक्षा गडद-उजळ असा ठळक फरक त्याचे लक्ष वेधतो. फिकट गुलाबीवर फिकट पिवळा ससा मोठ्यांना नाजूक वाटतो, पण बाळाला तो वेगळा दिसतोच असे नाही. पांढऱ्यावर गडद निळा हत्ती किंवा पिवळ्यावर काळसर कासव अधिक उठून दिसते. गडद कापडावर पांढरा ससा लावायचा असल्यास त्याखाली मलमलीचा आणखी एक थर द्यावा, नाहीतर मागचा रंग झिरपल्यासारखा दिसतो.

कापड आणि शिवण

कापड शंभर टक्के सुती घ्यावे. नवे कापड कापण्यापूर्वी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेणे आवश्यक आहे. सुती कापड आटते आणि गडद रंग पाणी सोडतो. ओले कापड पांढऱ्या रुमालावर घासून पाहावे. रंग लागला तर ते दुपट्यात वापरू नये, कारण बाळ ते तोंडात घालणारच. अस्तरासाठी ४४ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर कापड पुरते. मधल्या थरासाठी सुटा कापूस टाळावा. धुताना तो सरकून त्याच्या गुठळ्या होतात. जुन्या सुती साडीचे दोन थर हलके राहतात आणि लवकर वाळतात.

चित्र आधी कागदावर काढून पुठ्ठ्यावर उतरवावे. पुठ्ठा कापडावर ठेवून रेषा आखावी आणि तिच्याबाहेर पाव इंच सोडून कापावे. आत वळणाऱ्या कडांना रेषेपर्यंत न पोहोचणारे छोटे छेद दिले की कापड नीट दुमडते. जे भाग खाली झाकले जाणार ते आधी शिवावेत. कासवाचे पाय आणि डोके आधी, मग त्यांवर कवच. हत्तीचे अंग आधी, कान सर्वांत शेवटी. कच्चा टाका घालून आकार बसवावा आणि दोऱ्याच्या रंगात बारीक हेम घालून तो पक्का करावा. टाके विरळ पडले तर चिमुकली बोटे नेमकी तेथेच शिरतात.

डोळ्यांसाठी बटणे, मणी, टिकल्या किंवा आरसे लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. किती घट्ट शिवले तरी वारंवार धुण्याने दोरा झिजतो आणि सुटलेला मणी बाळाच्या घशात अडकू शकतो. डोळे, मिश्या, नखे हे सारे भरतकामानेच करावे. लोंबती शेपटी, रिबिनी, गोंडे यांनाही येथे जागा नाही.

वरचा भाग पूर्ण झाल्यावर खाली अस्तर, मध्ये साडीचे थर आणि वर चित्र असे रचून कच्च्या टाक्यांनी बांधावे. अस्तर चारही बाजूंनी दोन इंच मोठे ठेवावे. धावदोरा मध्यापासून कडांकडे घालत जावा, म्हणजे कापडाची सुरकुती बाहेर सरकत जाते. ओळींमध्ये दोनेक इंचांचे अंतर पुरे. प्राण्याच्या कडेलगत एक ओळ घातली की चित्राला उठाव येतो. शेवटी अडीच इंच रुंदीची पट्टी दुहेरी दुमडून गोट लावावा. चार बाजूंचे १४४ इंच, शिवाय कोपरे आणि जोड धरून साधारण १६० इंच पट्टी लागते.

काम सुरू करताना टाचण्या मोजून घ्याव्यात आणि संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत दुपटे बाळाजवळ नेऊ नये.

वापर कसा करावा?

येथे जुन्या सवयीला थोडी मुरड घालावी लागते. तान्हे बाळ झोपले की त्याच्या अंगावर दुपटे पांघरण्याची पद्धत घराघरांत आहे. परंतु सैल पांघरूण नाकातोंडावर आले, तर लहान बाळाला ते स्वतःहून दूर करता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२मध्ये अद्ययावत केलेल्या सूचनांनुसार बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट पृष्ठभागावर झोपवावे. झोपेच्या जागी उशा, पांघरुणे, मऊ खेळणी ठेवू नयेत. हे पथ्य पहिल्या वर्षभर पाळायचे असते. थंडीत पांघरुणाऐवजी अंगात नीट बसणारा एखादा जादा कपडा चालतो.

मग एवढ्या कष्टाने शिवलेल्या दुपट्याचे काय? त्याची खरी जागा जमिनीवर आहे. बाळ जागे असताना, कोणीतरी जवळ बसलेले असताना, ते अंथरावे आणि बाळाला थोडा वेळ पोटावर ठेवावे. मान उचलून पाहण्याच्या धडपडीत हत्तीचा निळा रंग त्याच्या डोळ्यांसमोर, नेमक्या त्याला दिसणाऱ्या अंतरावर असतो. पुढे ते रांगू लागते, सशाच्या कानावर बोट ठेवते, ‘भू भू’ म्हणत कासवालाही हाक मारते. वर्ष सरल्यावर तेच दुपटे पांघरूण होते. टाके पक्के असतील, कापड सुती असेल, तर धुऊन धुऊन अधिक मऊ झालेले हे दुपटे घरातल्या पुढच्या बाळाच्या बारशालाही पुन्हा ट्रंकेतून बाहेर निघते.